बँक, वीज आणि टोनी एलुमेलू

नायजेरियात वीज आली की अख्खी गल्ली ओरडते, "अप नेपा!" नेपा हे तिथल्या जुन्या सरकारी वीज मंडळाचं आद्याक्षरी नाव. लोकांनी त्याचा विस्तार केव्हाच बदलून टाकला होता: 'नेव्हर एक्स्पेक्ट पॉवर ऑलवेज'. २००५ साली सरकारने नेपा मोडून पीएचसीएन नावाची कंपनी काढली, तर पब्लिकने तिचंही बारसं करून ठेवलं, 'प्रॉब्लेम हॅज चेंज्ड नेम'. आता ती कंपनीसुद्धा राहिली नाही, पण आरोळी अजून "अप नेपा!" अशीच आहे.

आपल्याकडे भारनियमनाच्या दिवसांत लाईट आल्यावर चाळीचाळीतून "आली, आली!" व्हायचं, त्यातलाच हा प्रकार. पण प्रमाण बघा. नायजेरियाची लोकसंख्या २० कोटींच्या वर. तिथल्या वीज केंद्रांची कागदावरची क्षमता १२-१३ हजार मेगावॅट, आणि प्रत्यक्षात तारांमधून वाहते ती साधारण ४ ते ५ हजार. एकट्या मुंबईची भर उन्हाळ्यातली मागणी ४ हजारांच्या आसपास जाते. म्हणजे मुंबईला जेवढी लागते त्याहून थोड्याशाच जास्त विजेवर एक अख्खा देश. बाकी सगळा कारभार जनरेटरवर. तिथे एका छोट्या पेट्रोल जनरेटरला लोकांनी 'आय पास माय नेबर' असं नाव दिलं होतं. शेजाऱ्याकडे अंधार, माझ्याकडे दिवा, म्हणजे मी शेजाऱ्याच्या वरचढ!

आता या देशात, एका बँकवाल्याने ३० कोटी डॉलरला एक मोडकळीला आलेलं वीज केंद्र विकत घेतलं. का घेतलं, आणि पुढे काय झालं? आजचा लेख त्याबद्दल. माणसाचं नाव टोनी एलुमेलू. आज आफ्रिकेतल्या बँकिंग, वीज आणि तेलातल्या गुंतवणुकीचा विषय निघाला की हे नाव येतंच. पण त्याच्या श्रीमंतीच्या याद्यांपेक्षा मला त्याच्या निमित्ताने दिसणारा गेल्या चाळीस वर्षांचा नायजेरियाचा इतिहास जास्त रंजक वाटतो.

सुरुवात बँकांपासून करावी लागेल. १९७०च्या दशकात नायजेरियाने तेलाच्या पैशाच्या जोरावर परदेशी कंपन्यांचं 'देशीकरण' केलं. १९७२ आणि १९७७ साली तसे कायदे आले आणि मोठ्या बँकांमध्ये सरकार भागीदार झालं. थोडंसं आपल्या १९६९च्या राष्ट्रीयीकरणासारखं, पण पूर्ण नाही. मग १९८०च्या दशकात तेलाचे भाव कोसळले, कर्जं डोक्यावर आली, आणि १९८६ साली लष्करी राजवटीने अर्थव्यवस्था खुली करायचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात बँकांचे परवाने सढळ हाताने वाटले गेले. १९८५च्या सुमारास ४० बँका होत्या, १९९२ पर्यंत त्या १२०च्या घरात गेल्या.

इतक्या बँका कशासाठी? ठेवी घेऊन कर्ज द्यायला नक्कीच नाही. डॉलरचा सरकारी दर वेगळा आणि बाजारातला वेगळा. बँकेचा परवाना असला की सरकारी दराने डॉलर मिळायचे, ते बाजारात विकले की मधला फरक खिशात. बऱ्याच नव्या बँकांचा खरा धंदा एवढाच. असा धंदा फार टिकत नाही. १९९०च्या दशकात बँका एकामागून एक बुडायला लागल्या, १९९४ साली बुडवणाऱ्यांवर खटले चालवायला खास कायदा आणावा लागला, आणि १९९८च्या जानेवारीत मध्यवर्ती बँकेने एका फटक्यात २६ बँकांना टाळं लावलं.

या गोंधळात एलुमेलू मोठा झाला. जन्म १९६३ चा, जॉस शहरातला. अर्थशास्त्राचा पदवीधर. त्याने स्वतः अनेकदा सांगितलेला किस्सा असा की, ऑलस्टेट्स ट्रस्ट बँकेच्या जाहिरातीत जो वर्ग मागितला होता तो त्याच्याकडे नव्हता, तरी त्याने अर्ज ठोकून दिला आणि नोकरी मिळवली. तिथे तो सत्ताविसाव्या वर्षी शाखेचा मॅनेजर झाला. मग १९९७ साली, म्हणजे चौतिसाव्या वर्षी, त्याने काही साथीदारांबरोबर क्रिस्टल बँक नावाची एक आजारी बँक ताब्यात घेतली आणि तिचं नाव बदलून स्टँडर्ड ट्रस्ट बँक केलं. आजूबाजूला बँका बुडत असताना एक बुडती बँक विकत घ्यायची, हा त्याचा पहिला मोठा डाव. पुढेही त्याने हाच डाव परत परत खेळला, म्हणून लक्षात ठेवा.

खरी कलाटणी मिळाली ती जुलै २००४ मध्ये. चार्ल्स सोलुडो नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक नुकतेच मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले होते. त्यांनी जाहीर केलं की प्रत्येक बँकेचं भांडवल २ अब्ज नायरांवरून २५ अब्ज नायरांवर गेलं पाहिजे (त्या वेळच्या दराने साधारण १९ कोटी डॉलर). मुदत ३१ डिसेंबर २००५. जमलं नाही तर दुसऱ्या बँकेत विलीन व्हा, नाहीतर दुकान बंद. त्या वेळी बँका होत्या ८९. मुदत संपली तेव्हा उरल्या २५!

या अठरा महिन्यांत जे झालं ते म्हणजे बँकांचं सामूहिक लग्न. एलुमेलूच्या आठ वर्षांच्या बँकेने सोयरीक जुळवली ती थेट यूबीएशी, म्हणजे युनायटेड बँक फॉर आफ्रिकाशी. यूबीए हे जुनं घराणं. ब्रिटिश अँड फ्रेंच बँक या वसाहतकाळातल्या बँकेचा कारभार घेऊन १९६१ साली ती उभी राहिली होती. २००५ साली दोन्ही बँका एक झाल्या, नाव राहिलं जुन्या यूबीएचं आणि खुर्चीवर बसला नव्या बँकेचा एलुमेलू. आणि ज्या ऑलस्टेट्स बँकेने त्याला पहिल्यांदा संधी दिली होती, तिला मात्र भांडवल जमवता आलं नाही. २००६च्या जानेवारीत तिचा परवाना रद्द झाला. असो.

पुढच्या पाच वर्षांत यूबीए नायजेरियाबाहेर पसरली. घाना, कॅमेरून, सेनेगल, युगांडा, केनिया, टांझानिया... एलुमेलू पायउतार झाला तेव्हा सुमारे १९ आफ्रिकी देशांत बँक पोचली होती. यातलं महत्त्व आपल्याला चटकन कळत नाही. आफ्रिकेतल्या एका देशातून शेजारच्या देशात पैसे पाठवायचे तर ते अनेकदा लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्कच्या बँकेमार्फत फिरून यायचे. वसाहतीच्या काळात रस्ते आणि रेल्वे जशा खाणीपासून बंदरापर्यंतच गेल्या, तशीच बँकांचीही वाट मातृदेशाकडेच जात होती. आफ्रिकी मालकीच्या बँकेने ही वाट आडवी करायचा प्रयत्न करणं ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती.

मात्र सोलुडोंच्या या मोठ्या बँकांचा फुगाही लवकरच फुटला. भांडवल भरपूर आलं, ते कुठेतरी लावायला हवं. मग शेअर घ्यायला कर्जं, तेलाच्या व्यापाऱ्यांना कर्जं. २००८ साली तेल पडलं, शेअर बाजार पडला. २००९ साली नवे गव्हर्नर सानुसी लामिदो सानुसी यांनी बँकांच्या वह्या तपासल्या आणि आठ बँकांच्या मुख्याधिकाऱ्यांना घरी पाठवलं. बँका तगवायला ६२० अब्ज नायरा ओतावे लागले. यूबीए त्या आठांत नव्हती. पण सानुसींनी दुसराही एक नियम आणला: बँकेच्या मुख्याधिकाऱ्याला जास्तीत जास्त दहा वर्षं. एलुमेलूची वर्षं भरली होती. २०१० साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याला खुर्ची सोडावी लागली. (२०१४ साली तो अध्यक्ष म्हणून परत आला, ते वेगळं.)

आता हातात पैसा आहे, वय आहे, ओळखी आहेत, आणि बँक चालवता येत नाही. त्याने एअर्स होल्डिंग्ज ही गुंतवणूक कंपनी काढली आणि 'आफ्रिकॅपिटलिझम' असा एक शब्द प्रचारात आणला. सूत्र साधं: आफ्रिकेचा विकास मदतीच्या पैशातून होणार नाही, आफ्रिकेतल्याच खासगी भांडवलाने लांब पल्ल्याच्या, पायाभूत क्षेत्रांत पैसे घातले पाहिजेत. शब्द ऐकायला भाषणबाजीचा वाटतो, पण त्यामागे एक खरी तक्रार आहे. नायजेरियातला व्यापारी पैसा वर्षानुवर्षं आयातीत, जमिनीत आणि सरकारी रोख्यांत फिरत आला. वीज केंद्रासारख्या, वीस वर्षांनी फळ देणाऱ्या गोष्टीत तो जात नव्हता.

२०११ साली एलुमेलूने ट्रान्सकॉर्पची सूत्रं घेतली. ही कंपनी म्हणजे एक मजेशीर प्रकरण आहे. २००४ साली अध्यक्ष ओबासान्जो यांच्या पुढाकाराने ती निघाली, कोरियाच्या बड्या उद्योगसमूहांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. सरकारी मालमत्ता तिच्याकडे आली, अबुजाचं हिल्टन हॉटेल आलं, ओबासान्जोंच्याच ट्रस्टने तिचे शेअर्स घेतल्यावर बोंबाबोंब झाली. सरकारी टेलिफोन कंपनी घ्यायचा तिचा व्यवहार फिसकटला. थोडक्यात काय, तर ही दुसरी बुडती बँक, फक्त बँक नसलेली.

आणि १ नोव्हेंबर २०१३ रोजी नायजेरियाने पीएचसीएनचे तुकडे खासगी मालकांच्या हवाली केले. सहा वीजनिर्मिती कंपन्या आणि अकरा वितरण कंपन्या. मधली पारेषणाची, म्हणजे उच्चदाबाच्या तारांची कंपनी, सरकारकडेच राहिली. ट्रान्सकॉर्पच्या वाट्याला आलं डेल्टा राज्यातलं उघेली केंद्र. १९६६ साली सुरू झालेलं, गॅसवर चालणारं, कागदावर ९७२ मेगावॅटचं. ताब्यात आलं तेव्हा निघत होते साधारण १६० मेगावॅट. बंद पडलेल्या टर्बाइन दुरुस्त केल्या, सुटे भाग आणले, आणि दोन-तीन वर्षांत केंद्र ६०० मेगावॅटच्या वर गेलं.

इथपर्यंत गोष्ट पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. मालक बदलला, यंत्रं चालली. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. साखळीतल्या एका टप्प्याचा वेग वाढवला तर सगळ्या साखळीचा वेग वाढतोच असं नाही. तुंबारा फक्त पुढच्या टप्प्यावर सरकतो. नायजेरियात तेच झालं.

विजेचा प्रवास बघा. गॅस आला की केंद्र चालतं, केंद्राची वीज सरकारी तारांतून जाते, तारांतून वितरण कंपनीकडे, तिथून ग्राहकाकडे. पैशाचा प्रवास बरोबर उलटा. ग्राहकाने बिल भरलं की वितरण कंपनीला पैसे, तिने भरले की मधल्या सरकारी खरेदीदार कंपनीला, तिने दिले की वीज केंद्राला, आणि केंद्राने दिले की गॅसवाल्याला. यात पहिलीच कडी कच्ची. निम्म्याच्या आसपास ग्राहकांकडे मीटर नव्हते. कंपनी अंदाजाने बिल पाठवायची, ग्राहक म्हणायचा वीजच आली नाही तर बिल कसलं, आणि दोघांचंही थोडंथोडं बरोबर! त्यातून दर सरकार ठरवणार, आणि निवडणुका आल्या की दरवाढ लांबणीवर. वरून पुरेसा पैसाच येत नसल्यामुळे खाली झिरपायचा प्रश्न नाही. वीज केंद्रांची थकबाकी साचत गेली. २०२५ साली वीजनिर्मिती कंपन्या हा आकडा ४ लाख कोटी नायरा सांगत होत्या.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे ऐकून एन्रॉन आठवणार. आठवलंच पाहिजे. दाभोळचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला, वीज मंडळाला ती महागडी वीज परवडेना, बिलं थकली आणि दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, केंद्र बंद पडलं. यंत्रं उत्तम होती. गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे नव्हते. आणि योगायोग असा, की डिसेंबर १९९९ मध्ये, दाभोळ चालू असतानाच, याच एन्रॉनने नायजेरियाच्या किनाऱ्यावर वीज बनवणाऱ्या तीन तरंगत्या तराफ्यांमधला आपला हिस्सा मेरिल लिंच या अमेरिकन गुंतवणूक बँकेला 'विकला'. विक्री म्हणजे नफा दाखवण्यासाठी केलेला देखावा होता, आणि पुढे अमेरिकेत त्यावर खटला उभा राहिला. गुहागर आणि लेगॉस एकाच कंपनीच्या हिशेबाच्या वहीत असे शेजारीशेजारी होते.

पण दाभोळ आणि उघेलीत एक मोठा फरक आहे. एन्रॉनने राज्य सरकारची हमी आणि वर केंद्राची प्रतिहमी लिहून घेतली होती. नायजेरियातही असं केंद्र आहे. बेनिन सिटीजवळ २०१८ साली सुरू झालेलं अझुरा, साधारण ४६० मेगावॅटचं. त्याच्यामागे परदेशी भांडवल आणि जागतिक बँकेची हमी. वीज उचला नाहीतर नका उचलू, सरकारला क्षमतेचे पैसे द्यावेच लागतात. उघेलीला अशी हमी नाही. म्हणजे एकाच देशात, एकाच तारांना वीज देणारी दोन केंद्रं. एकाचं बिल वेळेवर भरलं जातं, कारण तिथे न भरणं देशाला परवडत नाही. दुसरा देशी, त्याला "थांबा जरा" म्हणता येतं. आफ्रिकॅपिटलिझमची ही किंमत फारशी कुणी मोजत नाही.

आणि नायरा. २०१३ च्या शेवटी डॉलरला १६० च्या आसपास नायरा पडायचे. २०१६ साली ३०० च्या घरात, २०२३ साली सरकारने दर मोकळा सोडल्यावर ७५० च्या वर, आणि २०२४ मध्ये १,५०० च्या आसपास. गॅसचा भाव डॉलरमध्ये ठरतो, सुटे भाग डॉलरमध्ये येतात, ग्राहक बिल भरतो नायरात (भरलं तर). २०१३ साली ज्यांनी वीज कंपन्या घेतल्या त्यांनी बरीचशी कर्जं नायजेरियन बँकांकडूनच घेतली होती. त्यामुळे विजेचं दुखणं फिरून बँकांकडे आलं. अबुजाची वितरण कंपनी ज्यांनी घेतली होती त्यांना कर्ज फेडता आलं नाही, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचा हिस्सा कर्ज देणाऱ्या बँकेने ताब्यात घेतला. कुठल्या बँकेने? यूबीएने!

म्हणजे बघा, वीज केंद्र एलुमेलूच्या समूहाचं, आणि राजधानीच्या वितरण कंपनीतला मोठा हिस्सा तेव्हा तो जिचा अध्यक्ष होता त्या बँकेच्या हातात आला. एवढ्यावर तो थांबला नाही. २०२० साली रिव्हर्स राज्यातलं अफाम वीज केंद्र घेतलं. २०१६ साली बंडखोरांनी फोर्काडोसची समुद्राखालची पाइपलाइन उडवली तेव्हा गॅसअभावी केंद्रं कशी बसून राहतात हे दिसलं होतंच. मग जानेवारी २०२१ मध्ये शेल, टोटाल आणि एनी यांच्याकडून त्याच राज्यातल्या ओएमएल १७ या तेल-गॅस क्षेत्राचा ४५ टक्के हिस्सा घेतला, १.१ अब्ज डॉलरच्या अर्थसाहाय्यावर. गॅस आपला, केंद्र आपलं. तुंबारा जिथे जिथे दिसेल ती कडी विकत घ्यायची, असं हे धोरण.

तर तिथे चोर भेटले. नायजर डेल्टात पाइपलाइनला भोक पाडून तेल पळवणं हा मोठा संघटित उद्योग आहे. मार्च २०२२ मध्ये एलुमेलूने जाहीरपणे संताप व्यक्त केला, की बोनी टर्मिनलला दिवसाला २ लाख पिंपांच्या वर तेल पोचायला हवं, तिथे ३ हजारसुद्धा पोचत नाही. देशातल्या सर्वांत वजनदार उद्योगपतींपैकी एक, आणि तो सामान्य माणसासारखा विचारत होता की हे चाललंय काय!

मला या सगळ्यात तो क्षण महत्त्वाचा वाटतो. बुडती बँक घेऊन उभी करता येते, कारण बँकेच्या चार भिंतींत बऱ्याच गोष्टी आपल्या हातात असतात. टर्बाइनही दुरुस्त करता येते. पण ग्राहकाचा मीटर, दर ठरवणाऱ्या आयोगाची हिंमत, पाइपलाइनवरचा पोलीस आणि चलनाची पत या गोष्टी कुठल्याच खासगी कंपनीला विकत मिळत नाहीत. मिळाल्या, तर ते आणखीच वाईट. एकच माणूस बँक, गॅस, केंद्र आणि तारा या सगळ्यांच्या टोकाशी बसला, तर कर्ज कुणाला द्यायचं आणि कुणाचं थकलेलं चालवून घ्यायचं हे कोण कुणाला विचारणार? एलुमेलूने गैर काही केलं असं मी म्हणत नाही. १९९०च्या दशकातल्या बँकांचा इतिहास ज्या देशाने पाहिलाय, तिथे हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, एवढंच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच्या फाउंडेशनने २०१५ पासून आफ्रिकेतल्या छोट्या उद्योजकांना प्रत्येकी ५,००० डॉलर द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांत दहा हजार जणांना, असा १० कोटी डॉलरचा संकल्प होता. आकडा आता वीस हजारांच्या वर गेलाय. कर्ज नाही, परत करायचे नाहीत. पण नायजेरियातला एखादा बेकरीवाला ते ५,००० डॉलर हातात आल्यावर आधी काय घेत असेल? माझा अंदाज, जनरेटर. देणाऱ्याच्या एका कंपनीला वीज विकून पैसे मिळत नाहीत आणि त्याच्याच दुसऱ्या हातातून गेलेले पैसे वीज नाही म्हणून डिझेलमध्ये जळतात.

एप्रिल २०२४ मध्ये सरकारने वीस तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांचा दर युनिटला ६८ नायरांच्या आसपासवरून एकदम २२५ वर नेला. प्रचंड आरडाओरडा झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रिड दहाहून जास्त वेळा कोसळली. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ट्रान्सकॉर्प पॉवर नायजेरियाच्या शेअर बाजारात दाखल झाली होती. तीनही गोष्टी एकाच देशातल्या, आणि तीनही खऱ्या.

वीज महाग झाली म्हणून चिडलेला ग्राहक आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून चिडलेला मालक, दोघांची तक्रार शेवटी एकाच दाराशी येते. ते दार सरकारचं. लेगॉसमधल्या गल्लीला हे आपल्याआधी कळलं असावं. मालक कुणीही येवो, एलुमेलू येवो नाहीतर आणखी कुणी, ते अजून नेपाच्याच नावाने ओरडतात.